झोपलेले पैसे

मुख्य कार्यालयाचं पत्र साहेबांनी वाचून दाखवलं तेव्हा मी एक जाडजूड फाइल छातीशी धरून उभी होते. फाइलचं काही काम नव्हतं. कुर्त्यावर दुधाचा डाग पडला होता, तो झाकायचा होता. बाळंतपणाची रजा संपवून कामावर येऊन मला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते.

"सलग तिसऱ्या वर्षी तोटा," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात वीस तारखेला तपासायला कुणीतरी येणार. मग शाखा ठेवायची की मोठ्या शाखेत मिसळायची ते ठरणार."

"मिसळायची म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही, मी, तिजोरी, पंखे. सगळं तिकडे."

तिकडे म्हणजे बसने पावणेदोन तास. जायला पावणेदोन, यायला पावणेदोन. आणि आता माझं घर शाखेपासून पाच मिनिटांवर. दुपारी दीड वाजता मी घरी जाते, ठकीला पाजते, ती झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना बघते (हे मी कुणाला सांगत नाही) आणि दोनच्या ठोक्याला परत खुर्चीवर असते. ठकी म्हणजे माझी मुलगी, सात महिन्यांची. खरं नाव दाखल्यावर आहे, घरात ते कुणी वापरत नाही. बाटली ती तोंडात घेत नाही. सगळे प्रकार करून झाले, तीन कंपन्यांच्या बाटल्या आणून झाल्या. बाटली दिसली की ती ओठ असे मिटते, जसे आमचे साहेब चहाच्या बिलावर सही करताना मिटतात.

नवरा लिफ्ट बसवायच्या कामावर, आठवड्याचे पाच दिवस बाहेरगावी. घर सासूबाईंच्या जिवावर चाललेलं. शाखा गेली की एक तर नोकरी सोडायची, नाहीतर ठकीचं दूध तोडायचं. तिसरी वाट मला दिसत नव्हती.

"पण साहेब, तोटा कशाने?"

दात का दुखतो असं दातालाच विचारावं, तसं साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कशाने म्हणजे? उत्पन्नापेक्षा खर्च जास्त. त्याला तोटा म्हणतात."

"ते झालं. पण कुठला खर्च?"

"तुम्ही शोधा की. कॉमर्सच्या ना तुम्ही? आणि ती फाइल ठेवून जा, बघतो काय आहे ते."

फाइलमध्ये चार वर्षांपूर्वीची पाणीवाल्याची बिलं होती. मी ती घेऊनच बाहेर आले.

आमची शाखा तोट्यातली वाटायचीच नाही, हे मला खुपत होतं. सकाळी शटर वर जायच्या आधी पायऱ्यांवर माणसं बसलेली असायची. आम्ही सगळे मिळून चौघं, त्यामुळे पगाराचा डोंगर नाही. जागा जुनी, भाडं कमी. बुडीत कर्ज म्हणावं तर थकलेली खाती तीन, त्यातला एक न्हावी, जो उशिरा देतो पण देतो. आणि देताना साहेबांच्या डोक्याकडे बघून "कधी येताय?" असंही विचारतो. साहेबांना टक्कल आहे.

मग पैसे जात होते कुठे?

कॉलेजात हे सगळं शिकले होते मी. परीक्षेत लिहिलं होतं, गुणही पडले होते. बँकेचा नफा कशाकशावर अवलंबून असतो, मुद्दे लिहा. पण ते मुद्दे कधी चालता-बोलता समोर आले नव्हते. साहेबांच्या कपाटात दर तिमाहीला येणारा तक्ता होता, बावीस शाखांचा. साहेब त्यात फक्त आपण कितव्या ओळीत आहोत ते बघायचे आणि उसासा टाकून कपाट बंद करायचे. मी तो तक्ता मागून घेतला आणि आमची ओळ इतर एकवीस ओळींशी रकान्यामागून रकाना ताडून बघू लागले. ठकीच्या वजनाचा तक्ता मी असाच बघते. शेजारच्या बाळाची रेघ कुठे, आपली कुठे.

चौथ्या दिवशी सापडलं. रकान्याचं नाव होतं "बचत खात्यांचा वाटा". म्हणजे लोकांनी ठेवलेल्या दर शंभरातले किती साध्या बचत खात्यात आहेत. इतर शाखांचे आकडे पंचेचाळीस, पन्नास, बावन्न. आमचा बारा.

छपाईची चूक असेल म्हणून मी आधीची तिमाही बघितली. बारा. त्याच्या आधीची, साडेअकरा.

दुपारी ठकीला पाजता पाजता मी आईंना सांगत होते. आई म्हणजे सासूबाई. सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, तीस वर्षं वॉर्ड सांभाळून निवृत्त झाल्या. त्यांना अर्धवट काही सांगून चालत नाही.

"बँक म्हणजे शेवटी दुकानच, आई. लोकांकडून पैसे विकत घ्यायचे आणि दुसऱ्यांना जास्त भावाने विकायचे."

"विकत घ्यायचे? मला वाटायचं तुम्ही सांभाळता."

"सांभाळतो पण. व्याज देतो ती आमची खरेदी, कर्जावर घेतो ती विक्री. आमच्यासारख्या छोट्या शाखेने गोळा केलेले पैसे मुख्य कार्यालय उचलतं आणि आम्हाला शंभरामागे सव्वासहा देतं. लोक ते पैसे बचत खात्यात ठेवतात तेव्हा आम्ही तीनच देतो. मुदत ठेवी, बहुतेक जुन्याच, त्यांना साडेसहा."

"म्हणजे सव्वासहाला विकायचं आणि साडेसहाला घ्यायचं?" आई नॅपीची घडी घालता घालता थांबल्या. "हे कुठलं दुकान?"

"इतर शाखांत निम्मे पैसे तीनवाले असतात. त्यामुळे सगळी खरेदी मिळून पावणेपाचच्या आसपास पडते त्यांना. आम्हाला पडते सहाच्या वर. वीजबिल, भाडं, पगार धरले की आम्ही खड्ड्यात."

"मग तुमच्याकडे तीनवाले का नाहीत?"

हाच प्रश्न मला पडला होता. आणि उत्तर रोज माझ्यापासून आठ फुटांवर बसत होतं.

दोन नंबरच्या खिडकीवर भाऊ बसायचे. एकतीस वर्षं तीच खिडकी. निवृत्तीला दोन-अडीच महिने उरलेले. अख्खा भाग त्यांना मुदतभाऊ म्हणायचा, तोंडावरसुद्धा. त्या दुपारी मी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. समोर शिंपी होता.

"हे पैसे कधी लागणार तुला?" भाऊ विचारत होते.

"लागतील केव्हातरी."

"केव्हातरी ही तारीख नाही. मशीन घ्यायचंय म्हणालास, कधी?"

"पुढच्या वर्षाच्या शेवटी."

"मग तोवर झोपवलेत कशाला? बचतीत नुसते घोरतात. उठव, कामाला लाव. मुदतीत टाक."

"भाऊ, तुम्ही माझ्या बायकोपेक्षा जास्त पाठी लागता."

"तिला मुदत विचारायची तुझी हिंमत आहे का? मग इथे सही कर."

शिंप्याने सही केली. मागच्या बाईंचाही नंबर लागला, त्यांनाही तोच प्रश्न. दिवसभरात एकोणीस माणसं मी मोजली. एकालाही त्यांनी सोडलं नाही. एकतीस वर्षं हा माणूस खिडकीवर बसून झोपलेले पैसे उठवत होता. उठलेला प्रत्येक पैसा त्या माणसाच्या पदरात जास्त टाकत होता आणि तेवढाच आमच्या पदरातून काढत होता. शाखेला भोक पडलं होतं, आणि ते भोक म्हणजे आमचा सगळ्यात चांगला माणूस.

शटर अर्धं ओढल्यावर मी त्यांना गाठलं. "भाऊ, तुम्हाला माहीत आहे का, आपली शाखा..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या तिमाहीपासून." ते शिक्क्याची शाई पुसत होते. "लोक मला विचारतात, काय करू? मी खरं ते सांगतो. खोटं सांगायचं असतं तर पगार वेगळा घेतला असता."

पुढच्या सोमवारी भाऊ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेले. त्यांच्या खिडकीवर साहेबांनी मला बसवलं.

मी काही ठरवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. पहिला माणूस आला, पैसे भरले, मी पावती दिली. तो जरा घुटमळला. भाऊंच्या प्रश्नाची वाट बघत असावा. मी म्हणाले, "पुढचे." एवढंच. खोटं बोलले नाही. फक्त विचारलं नाही. जगातल्या बाकीच्या बँकांत कोण विचारतं?

पहिल्या दिवशी मोठी रक्कम बचतीत ठेवून गेलेले पाच जण, दुसऱ्या दिवशी तीन. संध्याकाळी जाताना मी बचतीचा आकडा बघायची. बारा, बारा पूर्णांक एक, बारा पूर्णांक दोन. ठकीचं वजन पन्नास ग्रॅमनी वाढलं की जसं हलकं वाटतं, तसं वाटायचं. तपासणीला सोळा दिवस होते.

आठव्या दिवशी खिडकीसमोर आई उभ्या राहिल्या. कडेवर ठकी. निवृत्तिवेतनाची जुनी फरकाची रक्कम त्यांना मिळाली होती, चार लाख, त्याचा धनादेश. ठकीने मला ओळखलं आणि काचेवर दोन्ही हात आपटले.

"मुदतभाऊ नाहीत वाटतं? बरं, तूच सांग. काय करू यांचं?"

मागे सहा माणसं होती. साहेब केबिनच्या काचेतून बघत होते. मी म्हणाले, "राहू द्यात बचतीतच, आई. कधी गरज लागेल सांगता येत नाही."

"बरं," आई म्हणाल्या. पावती घेतली, ठकीचा हात धरून मला टाटा करायला लावला, आणि गेल्या.

उरलेला दिवस माझं डोकं त्या "बरं"वर अडकलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला सगळीकडेच दर चढले होते. नव्या मुदत ठेवीला आता पावणेआठ होते, बचतीला तेच तीन. चार लाखांवर वर्षाला एकोणीस हजारांचा फरक. मी लसीकरणाच्या कार्डामागे तो आकडा लिहिला आणि खोडला. खोडलेला जास्तच ठळक दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकी पिता पिता झोपली. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं आणि त्याच दमात बोलून टाकलं. "आई, ते कालचे पैसे."

"मुदतीत टाकायचे होते. हो ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सांगताना तू पेन उघडून बसली होतीस आणि लिहीत काहीच नव्हतीस. तीस वर्षं वॉर्डात काढली मी. डॉक्टर असं पेन धरून बोलायला लागला की मी नातेवाइकांना आधी खुर्ची आणून द्यायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"बघत होते किती दिवस टिकतेस. एकच टिकलीस."

मला हसूही आलं आणि रडूही. मी सगळं सांगितलं. वीस तारीख, पावणेदोन तासांची बस, बारा पूर्णांक दोन. आई ऐकत होत्या. घडी घातलेली नॅपी त्यांनी उलगडली, परत घातली.

"एकोणीस हजार," त्या म्हणाल्या. "तुझ्या नोकरीसाठी दिलेही असते मी. मागायचे होतेस. माझ्याच पर्समधून मला न विचारता काढलेस, त्याचा राग आलाय."

"उद्या मुदतीत टाकते."

"नको. आता मला कळलंय ना? तपासणी होईपर्यंत झोपू देत. महिन्याचे सोळाशे जातील. ते माझ्याकडून तुला. पण बाकीच्यांनी तुला काही देऊ केलेलं नाही. त्यांचं बघ."

दहाव्या दिवशी मी यादी काढली. मी न विचारल्यामुळे पैसे बचतीत झोपवून गेलेले तेवीस जण. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ परत यायच्या आत मला हे निस्तरायचं होतं. फोन लावायला बसले. "बँकेतून बोलतेय. तुमचे पैसे कधी लागणार आहेत?" बहुतेकांनी नीट ऐकलं. एका आजोबांनी मात्र मध्येच तोडलं, "बँकेतून बोलतेय म्हणता आणि फायदा माझाच सांगता? असले फसवे फोन रोज येतात. ठेवा." त्यांच्याकडे मला चालत जावं लागलं. संध्याकाळपर्यंत बावीस जणांनी पैसे उठवले. बचतीचा आकडा परत होता तिथे. ती रात्र मी बरी झोपले, पण शाखेचं काय होणार याला काही उत्तर नव्हतंच.

उत्तराचं टोक आईंनीच काढून दिलं, तेही केळं कुस्करताना.

"मला एक कळत नाही. कुणी पाच वर्षांसाठी पैसे दिले आणि कुणी उद्या काढता येतील असे दिले, तर तुमचं मुख्य कार्यालय तुम्हाला दोन्हींचे सारखेच देतं?"

"सारखेच. सव्वासहा."

"अगं, एका दिवसाची बदली नर्स आणि कायमची नर्स आम्ही कधी एका मापाने नाही मोजली. कायमचीच्या भरवशावर महिन्याचा तक्ता लावता यायचा. बदलीवाली उद्या येईल का, देवाला ठाऊक."

मी चमचा खाली ठेवला.

त्या दुपारी मी मुख्य कार्यालयाची जुनी परिपत्रकं काढली. तो सव्वासहाचा दर चार वर्षांपूर्वी ठरला होता आणि त्यानंतर कुणी त्याला हात लावला नव्हता. बाजार वर गेला, कर्जांचे दर वर गेले, हा तिथेच. आणि त्याच गठ्ठ्यात दोन महिन्यांपूर्वीचं एक परिपत्रक होतं. मोठ्या शाखेने मोठ्या संस्थांकडून ठेवी घ्याव्यात, सव्वाआठपर्यंत दर द्यावा, पैशांची निकड आहे. म्हणजे बँक बाहेरच्यांना सव्वाआठ द्यायला तयार होती. आमच्या शिंप्याचे, आजोबांचे, भाजीवाल्या बाईंचे जुन्या ठेवींतले पैसे तीन वर्षांपूर्वी साडेसहाने पाच वर्षांसाठी बांधलेले होते, अजून दोन वर्षं जागचे हलणार नव्हते, आणि त्यांची किंमत बँक आम्हाला सव्वासहा लावत होती. आमचा माल स्वस्त होता आणि टिकाऊ होता. फक्त तो जिथे मोजला जात होता तिथली वजनंच जुनी होती.

मी मुदतीप्रमाणे आजचे दर लावून शाखेचा हिशोब पुन्हा मांडला. बचतीच्या पैशाला कमी, पाच वर्षांच्या पैशाला जास्त. शेवटच्या ओळीत आलेला नफा अगदी चिंचोळा होता, शंभरामागे पावसुद्धा नाही. पण आधीचं उणे चिन्ह गेलं होतं. मी तीनदा ताडून पाहिलं. मग साहेबांना दाखवलं. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"हे आपण सांगायचं का त्यांना? की तुमचाच दर चुकलाय?"

"विचारायचं. सांगायचं नाही."

"हां, विचारू," साहेब म्हणाले. "तुम्ही विचारा."

वीस तारखेला मुख्य कार्यालयातून तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, गुडघ्याला पट्टा. केबिनमध्ये बसायला त्यांनी नकार दिला, एक उंच स्टूल मागितलं आणि दोन नंबरच्या खिडकीशेजारी ठाण मांडून दोन तास नुसत्या ऐकत राहिल्या. भाऊ काळा चष्मा लावून बसले होते. मला वाटलं, आजच्या दिवस तरी ते जरा कमी विचारतील. छे. "हे पैसे कधी लागणार?" सकाळपासून तेरा वेळा.

दुपारी बाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. माझा कागद त्यांच्यासमोर होता.

"हा कुणी केला?"

"आम्ही," साहेब म्हणाले, आणि मग माझ्याकडे बोट केलं, "म्हणजे यांनी."

"मुद्दा बरोबर आहे. दर जुना आहे, मलाही मान्य. पण एक भोक आहे." त्यांनी पेन टेकवलं. "नव्या ठेवीला आज पावणेआठ आहेत. तुमच्या लोकांना हे कळलं की ते साडेसहाच्या ठेवी मोडणार आणि पावणेआठला परत ठेवणार. मग तुमचे हे टिकाऊ पैसे टिकले कुठे? आणि यांना गप्प बसता येत नाही, ते मी सकाळपासून ऐकतेय." पेन भाऊंकडे वळलं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"गप्प नाहीच बसलो," भाऊ म्हणाले. "दर वाढले त्याच आठवड्यात सांगायला सुरुवात केली."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

भाऊंनी ड्रॉवरमधून एक वही काढली. "मुदतीआधी मोडली तर जेवढे दिवस झाले तेवढ्याच दिवसांचा दर मिळतो, आणि त्यातून एक टक्का दंड. म्हणून प्रत्येकाचं वेगळं मांडावं लागतं. ज्यांची निम्मीही मुदत झाली नव्हती त्यांना मोडणं फायद्याचं. असे एकसष्ट. त्यांना मोडायला सांगितलं, सगळ्यांनी मोडली, नव्या दराने इथेच ठेवली. बाकीच्यांची निम्मी उलटून गेलेली. त्यांनी मोडली तर दंडात जास्त जातं. असे चारशे बारा. त्यांना सांगितलं, मोडू नका."

बाईंनी वही ओढून घेतली. पान उलटलं. एक नाव निवडून कॅल्क्युलेटरवर स्वतः हिशोब केला. मग दुसरं. मग तिसरं. आम्ही उभेच.

"म्हणजे उरलेत ते..."

"हिशोब कळून उरलेत," भाऊ म्हणाले. "कुणी उठून अफवा उठवली तरी आधी मला विचारायला येतील. पळत नाही सुटणार."

"चारशे बारा माणसांचं एकेक करून केलंत?"

"मग काय घाऊक करू?"

बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी लगेच आवरलं. मग तक्त्याच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवून त्या सहज म्हणाल्या, "आणि हे काय? याच महिन्यात नऊ दिवस बचत रोज थोडी थोडी वाढतेय, आणि दहाव्या दिवशी एकदम खाली. असं कधीच झालेलं नाही तुमच्याकडे."

साहेबांना माहीत नव्हतं. भाऊंनाही नव्हतं. मी काहीतरी सांगू शकले असते. यंत्र बिघडलं होतं म्हणाले असते तरी चाललं असतं.

"त्या नऊ दिवसांत खिडकीवर मी होते," मी म्हणाले. "मी कुणाला विचारलं नाही. आकडा बरा दिसावा म्हणून."

काळ्या चष्म्यामागे भाऊंचे डोळे मला दिसत नव्हते, ते बरंच झालं.

"आणि दहाव्या दिवशी?"

"तेवीस जणांशी बोलले."

"इथे बावीस जणांचे पैसे हललेत. एक चार लाखांची रक्कम आहे तिथेच आहे."

"त्या माझ्या सासूबाई. त्यांना सांगितलं सगळं. त्यांनीच नको म्हटलं."

"का?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. घड्याळात दीड वाजून वीस मिनिटं झाली होती. घरी ठकी रडत असणार. कुर्त्यावर डाग पसरत होता आणि या वेळी हातात फाइल नव्हती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. उलट्या बाजूने मला ते वाचता आलं नाही, खूप प्रयत्न केला. "जाऊन या घरी," त्या म्हणाल्या. "मी वचन काही देत नाही. प्रश्न घेऊन जातेय."

संध्याकाळी शटर ओढताना भाऊ माझ्याजवळ आले. मला वाटलं आता बोलतील. "म्हणजे आजोबा फसवा फोन समजले ते तुलाच?" त्यांनी विचारलं. "मी विचारतच होतो मनाशी, बँकेतून असले फोन का करता म्हणून ते माझ्यावर का खेकसले परवा." एवढंच. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. साहेबांनी ते केबिनच्या दारातच उभं राहून वाचलं. मुदतीप्रमाणे वेगळा दर, तीन शाखांत एक वर्ष चालवून बघायचा, त्यात आमची एक. तोवर शाखा मिसळण्याचा विषय बाजूला. मागची खोली सोडून भाडं कमी करावं. भाऊंच्या निवृत्तीनंतर त्यांच्या जागी नवा माणूस मिळणार नाही.

"मागची खोली?" साहेब म्हणाले. "माझा कूलर तिथे आहे."

एक वर्ष. वर्षभरात ठकी चालायला लागेल, भात खाईल, कदाचित बाटलीलाही माफ करेल. मी बोटांवर महिने मोजले आणि मग थांबले, कारण साहेब बघत होते.

भाऊ निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन नंबरच्या खिडकीवर मी बसले. त्यांची वही ड्रॉवरमध्ये होती, वर चष्मा पुसायचं फडकं. माझं जुनं काम तसंच, वर हे. शटर वर गेलं आणि पहिल्याच रांगेत आई, कडेवर ठकी.

"तुम्ही इतक्या सकाळी?"

"का? ग्राहक आहे मी." त्यांनी पासबुक काचेखालून सरकवलं. "चार लाख. खूप झोपले. उठव आता."

ठकी शिक्क्याकडे झेपावत होती. मी अर्ज काढला. मग हात थांबवला आणि आईंकडे पाहिलं. "हे पैसे कधी लागणार तुम्हाला?"

"पाच वर्षांनी. ही शाळेत जायला लागेल तेव्हा."

"मध्ये काही? डोळे, गुडघे?"

"पन्नास हजार बाहेर ठेव मग. बाकीचे बांध." मागचा माणूस खाकरला, आईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. "आणि पेन उघडलंयस, तर या खेपेला लिही काहीतरी."

मी लिहायला लागले.